समाचाराला जायचं राहिलं होतं

६ फेब्रुवारी, गुरुवार
बीपी १५८/९२.

डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी मशीन लावा आणि आकडा वहीत लिहा. वही आणली ती चांगली जाडजूड. नुसते आकडे लिहून ही संपायची कधी? म्हणून उरलेल्या जागेत मी माझं लिहिणार. कोणी वाचायचं नाही. इव्होन, तू माझी लेक असलीस तरी तू तर मुळीच नाही.

आज बीपी वाढायला कारण आहे, आणि चांगलं कारण आहे. वकीलबाईंचा फोन आला. दिनोची तारीख पडली. पंधरा मे!

दिनो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, लिदूचा, एकुलता एक. लिदू कारखान्यात रात्रपाळी करायची, म्हणून पोर माझ्याच घरी वाढलं, माझ्या हातचं खाऊन. एकोणिसाव्या वर्षी आत गेला. आता पन्नाशीचा आहे, डोक्यावर केस औषधालाही नाही. जन्मठेप, आणि तीही अशी की सुटकेचा अर्जसुद्धा करायचा नाही, मरेपर्यंत. ह्या राज्यात एकोणिसाव्या वर्षी पोराला बिअरची बाटली विकत मिळत नाही, का तर म्हणे अजून अक्कल आलेली नसते. पण जन्मभर कोंडायचं म्हटलं की त्याच पोराला भरपूर अक्कल आलेली असते! गेल्या वर्षी मोठ्या कोर्टाला हे एकदाचं कळलं. अठरा, एकोणीस, वीस वर्षांच्या पोरांना असं कायमचं गाडून टाकायचं नाही, त्यांनाही पॅरोल मंडळापुढे उभं राहू द्यायचं, असा निकाल लागला. शास्त्रज्ञ म्हणाले, ह्या वयात माणसाचा मेंदू पुरता पिकलेला नसतो. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचा साठीतही कच्चाच होता, देव त्याला शांती देवो.

पॅरोल मिळाला की उरलेला जन्म बाहेर. अधूनमधून अधिकाऱ्याला तोंड दाखवायचं, बस्स.

मंडळापुढे घरच्या माणसाला पाच मिनिटं बोलायला मिळतं. लिदू गेली त्याला सहा वर्षं झाली. म्हणजे बोलणार कोण? मी. पाच मिनिटं! माझी तर प्रस्तावनाच तेवढी होते.

९ फेब्रुवारी, रविवार
१४९/८८.

चर्चला गेले. ओर्लांदा नेहमीसारखी पुढून तिसऱ्या बाकावर, मी तिच्या मागे दोन बाक सोडून. तिची पाठ मला तोंडपाठ आहे.

ओर्लांदा म्हणजे ज्याच्या खुनासाठी दिनो आत आहे त्या मुलाची, अर्मिंदोची, आई. आम्ही दोघी एकाच बेटावरच्या, समुद्रापलीकडच्या फोगूच्या. इथे ब्रॉक्टनमध्ये तिचं घर माझ्यापासून तीन रस्ते सोडून. आणि आमचं बोलणं नाही. अर्मिंदो गेला तेव्हापासून एक शब्द नाही.

खरं तर आमच्यात मयताच्या घरी समाचाराला जायचं म्हणजे जायचंच. भांडण असो, वैर असो. काळे कपडे घालायचे, हातात तांदूळ, साखर, कॉफी घ्यायची, दारातच गळा काढायचा आणि मग आत जाऊन गप्प बसायचं. घरातले आरसे झाकलेले असतात, समाचाराची माणसं येऊन जाईपर्यंत. पण तेव्हा लिदूने सगळ्यांना बजावलं, कोणी जायचं नाही. गेलो तर आपल्या दिनोनेच मारलं असं कबूल केल्यासारखं होईल. मग आमच्यातलं कोणीच गेलं नाही. आणि ज्यांच्यात समाचार झालेला नाही त्यांनी एकमेकांच्या घरचं खायचं नसतं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.

ओर्लांदा अजून काळेच कपडे घालते. आज नवा कोट होता, तोही काळा. शिलाई चांगली होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार
बीपी मोजलं नाही, निघायची घाई.

दिनोला भेटून आले. तुरुंगाच्या दारात माझ्या कंबरपट्ट्याने मशीन वाजलं. मी पहारेकऱ्याला म्हटलं, बाळा, हा पट्टा काढला तर मी दोन तुकड्यांत आत जाईन. हसला बिचारा, पण काढायला लावलाच.

दिनो सध्या सातव्या कुत्र्याला शिकवतोय. अपंगांना मदत करणारे कुत्रे असतात ना, त्यांची पिल्लं ह्यांच्याकडे वाढवायला देतात. दार उघडणं, पडलेली वस्तू उचलून देणं, सगळं हा शिकवतो. प्रत्येकाचा फोटो माझ्या फ्रीजवर आहे. मला कुत्र्यांची भीती वाटते, पण फोटोतला कुत्रा चावत नाही.

मी त्याला माझं भाषण थोडं म्हणून दाखवलं. "माझा दिनो निर्दोष आहे" इथपर्यंत आले तर म्हणतो, "मावशी, चिप्स घेऊ या का मशीनमधून?"

मी म्हटलं, "अरे, मी तुझ्या जिवाचं बोलतेय आणि तुला चिप्स सुचतात?"

"वकीलबाईंना एकदा दाखव ते भाषण," म्हणाला आणि मशीनकडे बघत राहिला. भूक लागली असेल. तिथलं जेवण जेवण नाही ते.

७ मार्च, शुक्रवार
१६१/९५.

वकीलबाई घरी आल्या. मिस ब्रेनन नाव. नाकात चमकी, पाठीवर दप्तर, वय असेल तिशीचं. पण हुशार आहे. मी काचुपा, आमची मक्या-घेवड्याची खिचडी, गरम करून वाढला, दोनदा घेतला. मक्याचा दाणा न् दाणा वेचून खाल्ला. अशी माणसं मला आवडतात.

मग म्हणाल्या, "म्हणा तुमचं भाषण."

मी उभी राहिले. इव्होन घड्याळ घेऊन बसली. मी सांगितलं की त्या रात्री पार्टीत भांडण झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण गोळी झाडली ती दुसऱ्याच कोणीतरी, तो एक लांब्या होता त्याने, आणि माझ्याकडे पुरावा आहे. दिनो त्या रात्री मध्येच घरी आला होता! मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मी काचुपा तापवत होते, म्हटलं, खाऊन जा रे. तो वर खोलीत गेला, खाली आला, म्हणाला, "आत्ता येतो, मावशी." आता तुम्हीच सांगा, असं बोलणारं पोर कोणाला मारायला निघालेलं असतं का?

वकीलबाईंचा चमचा तसाच हातात राहिला.

"मिसेस तैशेरा, हे तुम्ही आणखी कोणाला सांगितलंय?"

"कोणाला नाही! मला कोर्टात बोलावलंच कुठे कोणी?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाल्या, निर्दोष हा शब्द काढून टाकायचा. मंडळ पुन्हा खटला चालवत नाही. त्यांना फक्त बघायचं असतं, हा माणूस आपण केलेलं आपलं म्हणतो का. घरची माणसं "त्याने केलंच नाही" म्हणायला लागली की त्यांना वाटतं, हा उद्या बाहेर पडून अशा घरात राहणार! एवढ्यावरून नकार येऊ शकतो, आणि मग पाच वर्षं पुन्हा विचारायचं नाही.

"आणि दुसरं," त्या म्हणाल्या, "मयताच्या आईशी अजिबात संपर्क नाही. भेट नाही, निरोप नाही. कैद्याच्या माणसांनी गाठलं की ते दडपण धरतात."

मी म्हटलं, "बाई गं, जन्म गेला, बोलले नाही तिच्याशी. आता काय बोलते?"

जाताना डबा भरून दिला. पण रागच आला मला. एवढा मोठा पुरावा, आणि म्हणे गप्प बसा!

२१ मार्च, शुक्रवार
१४६/८६.

उपवासाच्या दिवसांतला शुक्रवार, म्हणून चर्चच्या तळघरात पाश्तेलची विक्री. टूना भरलेल्या तिखट करंज्याच त्या, पण माझ्या हातच्या म्हटल्यावर लोक रांग लावतात. हात भरून आले तळून तळून.

ओर्लांदा आली. दरवर्षी येते. तोंडाने बोलायचं नाही, नुसतं बोट दाखवायचं, पाश्तेलकडे आणि मग दोन बोटं वर. म्हणजे दोन डझन. जशी काही मी दुकानातली पोरगी! मीही न बोलता पिशवी भरून देते. समाचार न झालेल्या घरचं ही थोडीच खाणार आहे? माझा अपमान करायला घेऊन जाते आणि टाकते कुत्र्यांना, नाहीतर समुद्रपक्ष्यांना. इव्होन म्हणते, "मम्मा, एकटी बाई कुत्र्यांसाठी दरवर्षी रांगेत उभी राहील का?" इव्होनला माणसं कळत नाहीत.

तरी मी तिला तळातल्या कुरकुरीत दिल्या. कुत्र्यांनी तरी चांगलं खावं.

५ एप्रिल, शनिवार

दिनोला भेटून आले. तो म्हणाला, "मावशी, आज मी बोलतो, तू ऐक."

म्हणाला, "पार्टीत अर्मिंदोने मला ढकललं. मी पडलो, सगळे हसले. एवढंच झालं होतं. मी घरी आलो ते बंदूक घ्यायला. माझ्या पलंगाखाली होती. तू खाऊन जा म्हणालीस. मी आत्ता येतो म्हणालो आणि परत गेलो. लांब्या वगैरे कोणी नव्हता. मीच होतो."

मी म्हटलं, "तुला वकिलाने शिकवलंय हे."

"नाही, मावशी. आईला मी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. ती म्हणाली, बिबी मावशीला सांगू नकोस, तिला झेपणार नाही."

मला कशाला झेपणार नाही? मी लहानपणी लिदूला खांद्यावर घेऊन बेटावरचा डोंगर उतरलेली बाई आहे. आल्यापासून स्वयंपाकघरात बसले आहे. इव्होनने दोनदा डोकावून पाहिलं.

१३ एप्रिल, रविवार

काही लिहिलं नाही इतके दिवस. पीठ खूप मळलं. शेजारपाजारच्या सगळ्यांना पाव वाटले.

आज चर्चमध्ये ओर्लांदाच्या पाठीकडे बघता आलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार
१५२/९०.

ईस्टर झाला. डोकं जरा ताळ्यावर आलं. पोर माझंच आहे, केलं तरी माझंच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण एक गोष्ट काही मनातून जाईना. लिदू म्हणाली होती, आपल्या पोराने केलेलं नाही म्हणून समाचाराला जायचं नाही. आता केलंय म्हटल्यावर? मग तर कधीच जायला हवं होतं! लिदू नाही, म्हणजे घरातली मोठी मी.

वकीलबाईंचं माझ्या लक्षात आहे. पण त्या म्हणाल्या संपर्क नको. समाचार म्हणजे काय संपर्क? समाचाराला जाऊन कोणी कामाचं बोलतं का? रडायचं आणि बसायचं. दिनोचं नावसुद्धा काढायचं नाही. ह्यात कायदा कुठे आला?

२६ एप्रिल, शनिवार
१३८/८२. पाहा!

गेले आणि आले.

काळा पोशाख बाहेर काढला, लिदू गेली तेव्हाचा. कंबरेत होईना, मागे पिना लावल्या. तांदूळ, साखर, कॉफी आणि एक साफ केलेली कोंबडी घेतली. तीन रस्ते चालत गेले. ओर्लांदाच्या पायरीवर उभी राहिले आणि रीतीप्रमाणे गळा काढला. आधी आवाजच फुटेना, सवय राहिलेली नाही. मग फुटला तो असा फुटला की समोरच्या घरातला कुत्रा माझ्याबरोबर रडायला लागला. शेजारचा म्हातारा हातात फोन घेऊन बाहेर आला, "मॅडम, ॲम्ब्युलन्स बोलावू का?"

तेवढ्यात दार उघडलं. ओर्लांदा, डोक्यात कर्लर्स, पायात सपाता. माझ्याकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं.

"काय गं, तीन रस्ते ओलांडायला तुला एवढी वर्षं लागली?"

मी पुन्हा गळा काढला.

"नाव घेऊन रड," ती म्हणाली. "नुसतंच काय केकाटतेस? नाव आहे त्याला."

मग मी अर्मिंदोचं नाव घेतलं. लहान होता तेव्हा माझ्या अंगणात यायचा, चिंचेच्या गोळ्या मागायचा, ते सगळं आठवलं आणि खरंच रडू आलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. म्हाताऱ्याने हळूच फोन खिशात घातला.

आत जाऊन बसले. घर तसं लख्ख ठेवलंय, पण बैठकीतल्या मोठ्या आरशावर काळं फडकं. तडा गेला असणार, आणि नवा आणायला जीव जातो हिचा. पहिल्यापासून चिक्कू.

तिने कॉफी दिली. आम्ही गप्प बसलो. मी दिनोचं नाव काढलं नाही, मंडळाचं काढलं नाही, कसलंच काढलं नाही. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "यंदा पाश्तेल फिके होते तुझे."

"तुला काय ठाऊक?"

"दरवर्षी खाते मी."

"ओर्लांदा! समाचार न झालेल्या घरचं खाल्लंस?"

"मग काय करू? तू बोलत नव्हतीस, तुझे पाश्तेल तरी बोलत होते."

हिला रीतभात म्हणून काही नाही. पण कॉफी चांगली करते. निघताना म्हणाली, "कोंबडी ठेवून जा." ठेवून आले.

२८ एप्रिल, सोमवार
१७१/१००.

वकीलबाईंना मी आपण होऊन, आनंदाने सांगितलं.

मग त्या जे बोलल्या त्याचा सारांश असा की मी दिनोच्या पायावर कुऱ्हाड मारून आले. सुनावणी तोंडावर, आणि कैद्याची मावशी मयताच्या आईच्या दारात काळे कपडे घालून आरडाओरडा करते, हातात मेलेली कोंबडी! "मिसेस तैशेरा, हे लोक काय समजतील? धमकी समजतील!"

"धमकी? अहो, कांजासाठी होती कोंबडी! भाताची पेज करतात तिची!"

"हे मला आता मंडळाला आधी कळवावं लागणार. लपवलं आणि मागून निघालं तर सगळंच संपलं."

इव्होन दोन तास बोलली नाही, ही शिक्षा वेगळीच. रात्री दिनोचा फोन. म्हटलं, दिनो, मी घाण केली रे. त्याने विचारलं, "तिने आत घेतलं तुला?"

"घेतलं की. कॉफी दिली."

"अर्मिंदोचा फोटो आहे का गं तिथे?"

"आहे, टेबलावर. शाळेच्या गणवेशातला."

फोनमध्ये मागून त्याच्या पिल्लाचं भुंकणं ऐकू आलं. मग म्हणाला, "बरं केलंस, मावशी. आता जे होईल ते होऊ दे."

बरं केलं म्हणे. माझ्यामुळे पोर आणखी पाच वर्षं सडलं तर? पाच वर्षांनी मी असेन का? मला खरंच भीती वाटते आहे. आयुष्यात एवढी भीती वाटली नव्हती.

१६ मे, शुक्रवार

काल सुनावणी झाली. सगळं लिहिते, नाहीतर विसरेन.

खोली अगदी साधी, शाळेच्या वर्गासारखी. वर मंचावर मंडळाची सात माणसं. दिनो मध्ये एकटा टेबलापाशी, आणि शर्ट केवढा मोठा होता त्याला! ओर्लांदा दुसऱ्या बाजूला, नव्या काळ्या कोटात.

दिनोला तासन् तास विचारलं. त्याने काही लपवलं नाही. ढकलणं, हसणं, पलंगाखालची बंदूक. एकीने विचारलं, "घरातून बाहेर पडताना मनात काय होतं?" तो म्हणाला, "स्वयंपाकघरात मावशी होती. खाऊन जा म्हणाली. मी बसलो असतो तर अर्मिंदो आज जिवंत असता. मला थांबायची संधी होती आणि मी थांबलो नाही." अर्मिंदोचं नाव त्याने प्रत्येक वेळी घेतलं. 'मयत' एकदाही म्हणाला नाही.

मग माझी पाळी. कागद उघडला तर चष्मा इव्होनच्या पर्समध्ये. मग काय, तशीच बोलले. म्हटलं, "हा खरं सांगतोय, मी साक्षीदार आहे. खाऊन जा म्हणणारी मीच. एकोणीस वर्षांचा होता, उपाशी होता, डोक्यात राग होता. आता पन्नाशीचा आहे. राग गेलाय. जेवण अजून राहिलंय. माझ्या घरात खोली आहे, आणि माझ्या घरात आता कोणी खोटं बोलत नाही." बसले. दीड मिनिट झालं होतं. इव्होनला विश्वासच बसेना.

मग मधल्या साहेबांनी ते काढलंच. म्हणाले, कैद्याच्या नातेवाइकाने मयताच्या आईला गाठल्याचं कळवण्यात आलंय. ओर्लांदाकडे वळून विचारलं, "बाई, तुमच्यावर दडपण आलं का?"

वकीलबाईंनी माझा हात धरला, की मी त्यांचा.

ओर्लांदा सावकाश उठली. "दडपण? सांगते मी दडपण म्हणजे काय. दर रविवारी एकाच देवापुढे गुडघे टेकायचे, आणि दोन बाक मागे बसलेली बाई तुमच्या पोराचं नाव घेत नाही, ते दडपण. ही आली, नाव घेऊन रडली, तासभर गप्प बसली आणि गेली. साहेब, ह्या बाईला तासभर गप्प बसवणं काय असतं ते ब्रॉक्टनमध्ये कोणालाही विचारा."

लोक हसले. मंडळातली एक बाईसुद्धा हसली, मग खोकल्यासारखं केलं.

ओर्लांदा हसली नाही. "मी माफ करायला आलेली नाही. माझा मुलगा आज बावन्नचा असता, मला त्याच्या पोरांची लग्नं बघायची होती. ह्याला सोडा असं मी म्हणणार नाही. सोडू नका असंही म्हणणार नाही. ते काम तुमचं. पण सोडलंत तर एक ऐका. मावशीने तिचा समाचार केला. ह्याचा राहिलाय. तो ह्याने स्वतः येऊन करायचा. दुसऱ्या कोणाचा चालत नाही."

दिनोने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. मला उठून जायचं होतं त्याच्याकडे, पण तिथे जाऊ देत नाहीत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मिळाला!!! सातही जणांनी हो म्हटलं!

वकीलबाई फोनवर रडत होत्या, मी त्यांना गप्प करत होते. बीपी मोजलं तर मशीन नुसतं 'एरर' दाखवतंय. त्यालाही आनंद झाला असेल.

२४ ऑगस्ट, रविवार
१५५/९१.

निर्णय नीट वाचला इव्होनने. अटी आहेत. दारू नाही, परगावी विचारून जायचं, आणि मयताच्या कुटुंबाशी कसलाही संपर्क नाही. कसलाही! म्हणजे झालं. नेहमीचीच अट आहे ही, सगळ्यांना घालतात, वकीलबाई म्हणाल्या.

चर्चमधली मास प्रार्थना संपल्यावर पायऱ्यांवर ओर्लांदाला सांगितलं. म्हटलं, आता त्याला येता यायचं नाही तुझ्याकडे, कायदा आहे.

"कायदा कोणासाठी आहे?" ती म्हणाली.

"म्हणे तुझ्या संरक्षणासाठी."

"मग मला विचारलं का कोणी?" आणि पर्स काखेत मारून तरातरा निघून गेली.

१८ सप्टेंबर, गुरुवार
१४४/८५.

वकीलबाईंकडून कळलं. ओर्लांदा पॅरोलच्या ऑफिसला रोज फोन करतेय. रोज! तिथल्या मुलीने म्हणे शेवटी साहेबांना सांगितलं, एकतर ह्या बाईला परवानगी द्या नाहीतर माझी बदली करा. परवानगी मिळाली. एकच भेट, आणि ऑफिसची एक बाई बरोबर बसणार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दिनो घरी आला. सगळ्या खोल्यांतून फिरला, काचुपाच्या भांड्याचं झाकण काढून वास घेतला आणि पुन्हा ठेवलं. म्हणाला, "मावशी, समाचार पहिला होऊ दे, मग तुझ्या हातचं." तोपर्यंत पाव आणि अंडी खाणार म्हणे. मी म्हटलं, हट्टी तो हट्टीच राहिलास, मेंदू पिकला तरी. पण त्याला आग्रह केला नाही. मी, आणि आग्रह केला नाही!

२ नोव्हेंबर, रविवार, मृतांचा दिवस
बीपी राहिलं.

दिनोला माझ्या नवऱ्याचा काळा सूट घातला. बाह्या आखूड. हातात तांदूळ, साखर, कॉफी. ऑफिसची बाई, मिसेस ओकाफोर, गाडीपाशी भेटल्या. त्यांच्याकडे फाइल, माझ्याकडे रुमाल. तीन रस्ते आम्ही चालतच गेलो.

पायरीवर पोचलो तर शेजारचा म्हातारा पुन्हा बाहेर आला. मला ओळखून त्याने टोपी काढली.

आमच्यात पुरुष गळा काढत नाहीत, नुसते उभे राहतात. ओर्लांदाने दार उघडलं. दिनो म्हणाला, "मी अर्मिंदोसाठी आलोय."

"मोठ्याने."

"मी अर्मिंदोसाठी आलोय. मी मारलं त्याला. मी आलोय, काकू."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटत असेल, तो केसाळ पोरगा कुठे गेला. मग बाजूला झाली.

आत बसलो. टेबलावर फोटो होता. दिनो त्याच्यासमोर बसला आणि किती वेळ रडला ते मला सांगता येणार नाही, मीही रडत होते. ओर्लांदा मात्र रडली नाही. आत जाऊन कांजा घेऊन आली, चार वाट्या. मिसेस ओकाफोर म्हणाल्या, "मी कामावर आहे, मला चालत नाही." ओर्लांदाने वाटी त्यांच्या फाइलवरच ठेवली. दोन वाट्या खाल्ल्या मग त्यांनी.

दिनोच्या हातात चमचा होता, पण तो काही उचलेना.

"खाऊन जा," ओर्लांदा म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रुमालात तोंड घातलं. मग तो जेवला. सगळं जेवला. वाटी पुसून खाल्ली.

"माफ नाही केलं हं मी," ती म्हणाली.

"नाही, काकू."

"करेन असंही नाही."

"हो, काकू."

"आज समाचार पुरा झाला, एवढंच." ती उठली, भिंतीपाशी गेली आणि आरशावरचं काळं फडकं दोन्ही हातांनी काढलं. नीट चौपदरी घडी घातली. आरसा चांगला होता. तडा नव्हता, ओरखडासुद्धा नव्हता.

मी तशीच बसून राहिले.

ओर्लांदा मात्र आरशाजवळ गेली, चष्मा वर केला, गालावरून हात फिरवला.

"अगं बाई, बिबी! एवढी म्हातारी झाले मी?"

मी म्हटलं, "मला विचारायचंस की. मी केव्हाच सांगितलं असतं."